क्लूनावारचे विसावे घर

"एकोणीस घरं, एकोणीस नावं," कॉर्मक मास्तर म्हणाले आणि त्यांनी यादी टेबलावर ठेवली. "सोमवारी पाथरवटाकडे देतो. कुणाची काही हरकत?"

बॅलिन्काराच्या चर्चमागच्या हॉलमध्ये समितीचे सातजण बसले होते. हरकत घ्यायची तर आणखी अर्धा तास बसावे लागणार आणि बाहेर गाईंच्या दुधाची वेळ झालेली, म्हणून सगळे गप्प राहिले. भिंतीलगतच्या बाकावर, अंगातला कोट न काढता बसलेल्या अट्रॅक्टा फिहिलीने मात्र हात वर केला. ती समितीत नव्हती. नुसती ऐकायला आली होती.

"वीस," ती म्हणाली.

"काय वीस?"

"घरं. क्लूनावारला वीस घरं होती. विसावं आमचं."

टॉम कॉली खुर्चीतच वळला. "तुमचं? क्लूनावारला? अगं, फिहिली म्हणजे दलदलीच्या कडेचे. माझे आजोबा सांगायचे, वाऱ्याबरोबर आले आणि चिखलात अडकले."

दोघे-तिघे हसले. अट्रॅक्टाही थोडी हसली. हा विनोद तिने शाळेत असल्यापासून ऐकला होता.

क्लूनावार गावापासून तीन मैलांवर, डोंगराच्या उतारावर होते. होते म्हणजे आता तिथे कमरेएवढ्या भिंती, खाजकुयरी आणि मेंढ्या. बटाट्याच्या दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी, १८४८ साली, जमीनदाराने मेंढ्यांना चरायला जागा हवी म्हणून एका दिवसात त्या वस्तीची सगळी छपरे खाली ओढली होती. आता, पावणेदोनशे वर्षांनी, गाव तिथे दगड उभारणार होते. त्यावरची नावे मास्तरांनी जमीनदाराच्या खंडाच्या वहीतून उतरवून घेतली होती.

"अट्रॅक्टा, तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही," कॉर्मक मास्तर चष्मा पुसत म्हणाले. चाळीस वर्षे त्यांनी गावाच्या पोरांना शिकवले होते. आवाज न चढवता गप्प करणे त्यांना जमायचे. "पण दगडावर ऐकीव गोष्ट कोरता येत नाही. दर उन्हाळ्यात बोस्टनहून मूळ शोधत चाळीस माणसं येतात. प्रत्येकाचा पणजोबा राजा होता. एकाला हो म्हटलं की सगळ्यांना म्हणावं लागतं. वहीत तुमचं नाव नाही."

"वहीत कसं असेल? आमच्याकडे जमीनच नव्हती. दुसऱ्याच्या तुकड्यावर झोपडी आणि त्याबदली राबायचं. असल्यांची नावं कोण लिहितं?"

"तेच म्हणतो मी. लिहिलेलं काही आहे?"

अट्रॅक्टाने कोटाचे वरचे बटण लावले.

"एक कागद आण," मास्तर म्हणाले. "एकच. यादी मी महिनाभर थांबवतो."

टॉम कॉलीने घड्याळाकडे पाहून उसासा टाकला. सभा संपली.

अट्रॅक्टा सदुसष्ट वर्षांची होती. त्यातली चौतीस वर्षे तिने बॅलिन्कारात टपाल वाटले. आधी सायकलवर, मग हिरव्या गाडीतून. कुठल्या घरी कुत्रा चावतो, कुठल्या म्हातारीला पत्र वाचून दाखवावे लागते, कुणाच्या मुलाचे पत्र गेल्या ख्रिसमसपासून आलेले नाही, सगळे तिला ठाऊक असे. लग्न केले नाही. आईवडिलांचे शेवटपर्यंत केले, त्यांच्याच घरात राहिली. चौतीस वर्षांत तिच्या हातून फक्त दोन पत्रे पत्ता न लागल्याने परत गेली, आणि ती दोन कुणाची होती हे ती अजूनही सांगू शकत असे.

बाकी गावाला आपापली वंशावळ तोंडपाठ. ब्रेहनी सात पिढ्या मागे जात, कॉली पाच. शाळेत असताना एकदा घराण्याचे झाड काढून आणायला सांगितले होते. अट्रॅक्टाने वडिलांना विचारले, तेव्हा ते चुलीत दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचा तुकडा सारत म्हणाले, "आपलं झाड नाही पोरी, झुडूप आहे. काढ एक झुडूप आणि दे नेऊन." पुढे ते बोलले नाहीत. का बोलले नाहीत हे तिला तेविसाव्या वर्षी कळले. काही कामासाठी चर्चची जुनी नोंदवही उघडली होती, तेव्हा १८७९ च्या पानावर तिला आजोबांचा बाप्तिस्मा दिसला. मार्टिन. आई, ओनोरा फिहिली. बापाच्या जागी एक आडवी रेघ.

फिहिली हे नाव घरात आले होते ते त्या बाईकडून. तिने वही मिटली आणि वडील असेपर्यंत हा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती टबरकरीच्या वृद्धाश्रमात बीझीआत्याकडे गेली. बीझी तिच्या वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण, ब्याण्णव वर्षांची. डोळे अधू झाले होते, जीभ नाही.

"कॉर्मक ब्रेहनी कागद मागतो?" आत्या म्हणाली. "त्याच्या आज्याला सही करता येत नव्हती. आणि हा कागद मागतो!"

"मास्तरांचं चूक नाही गं, आत्या. त्यांना सगळ्यांना सारखं वागवायचंय."

"तू फार चांगली आहेस. म्हणून अजून बाकावर बसतेस."

अट्रॅक्टाने तिच्या हातात चहाचा कप दिला. "आत्या, ओनोराबद्दल आजोबा काय सांगायचे? मला कुणी कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलंस?"

ते खरे होते. आत्याने दोन घोट घेतले आणि भिंतीकडे तोंड करून, पाठ केल्यासारखे सांगितले. "ओढ्याकडून वर चढताना चौथं घर. छप्पर ओढलं तेव्हा ती नऊ वर्षांची. बाप दोघा पोरांना घेऊन बंदराकडे गेला, जहाज बघतो म्हणाला. पुन्हा पत्ता नाही. आई बाकीच्यांना घेऊन गरीबखान्यात गेली. तिथे तापाची साथ. ओनोराला दलदलीकडची एक विधवा घेऊन गेली, मेंढ्या राखायला. एवढंच. रडून सांगायची नाही म्हणे. फक्त घर चौथं होतं हे दरवेळी सांगायची."

"याचा कागद कुठे असणार?"

"कागद?" आत्या हसली. "कागद होता की. पेन्शनचा. म्हाताऱ्यांना सरकारने पेन्शन सुरू केली, तेव्हा सत्तर पुरी झाल्याचा पुरावा मागितला. ओनोरा साहेबाला म्हणाली, डब्लिनच्या मोठ्या पुस्तकात माझं नाव आहे, जाऊन बघा. तो हसला. पण कुणीतरी जाऊन बघितलं असणार. कारण पेन्शन मिळाली बाईला! मरेपर्यंत दर शुक्रवारी स्वतः चालत जायची आणायला. कुणालाही पाठवायची नाही."

अट्रॅक्टाने आत्याचा रिकामा कप घेतला आणि तो बराच वेळ हातातच धरून ठेवला.

स्लायगोच्या ग्रंथालयात डर्व्हला नावाची एक चाळिशीची बाई होती. पूर्वज शोधत येणाऱ्यांना तीच बसवून घेई. तिने ऐकून घेतले आणि खुर्ची जवळ ओढली.

"आधी वाईट बातमी देते," ती म्हणाली. "ते मोठं पुस्तक म्हणजे शिरगणती, १८४१ ची. ती नाही. १९२२ साली यादवीत डब्लिनचा दप्तरखाना जळाला, त्यात गेली. म्हणतात, अर्धवट जळलेले कागद मैलोन्‌मैल उडत होते."

"हे मला माहीत आहे."

"आता बरी बातमी. पेन्शनसाठी लोकांनी जे अर्ज केले, त्यातले पुष्कळ वाचलेत. आगीच्या आधी कारकुनाने गणतीत शोधून त्या अर्जावरच उत्तर लिहिलेलं असायचं. मूळ पुस्तक गेलं, पण त्यातल्या चार-चार ओळी अशा उरल्या. तुमच्या पणजीचा अर्ज उरला असेल, तर..."

"असेल," अट्रॅक्टा म्हणाली.

पण नव्हता. फिहिली टाकले, काही नाही. फीली टाकले, तर अकरा निघाले, सगळे दुसरीकडचे. अक्षरे कमी केली, वाढवली, आधी ओ लावला. ती दर गुरुवारी येऊन बसे; पहिला गुरुवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळचे पाच वाजले, तेव्हा डर्व्हलाने मान चोळली.

"अट्रॅक्टा, काही अर्ज हरवलेही आहेत. सगळ्यांना मिळत नाही."

अट्रॅक्टा संगणकाच्या पडद्याकडे पाहत होती. नावांची रांग होती, आणि तिच्या डोक्यात आली टपालाची पिशवी. वर्षानुवर्षे ती पिशवी भल्या पहाटे टेबलावर उपडी करून तिने पाकिटे लावली होती. परदेशातून आलेली, कानाने ऐकून लिहिलेली नावे. स्कॅनलनचे स्कॅलियन, किलकॉइनचे किल्किन. त्यांच्यावर डोळे रोखून काही होत नसे. मोठ्याने वाचायचे, आणि ज्याने लिहिले त्याच्या कानाने ऐकायचे.

"कारकून कुठला होता?" तिने विचारले.

"कोण जाणे. डब्लिनचा असेल. इंग्रजही असेल."

"म्हणजे फिहिली हे नाव त्याने जन्मात ऐकलेलं नाही. साहेबाने मोठ्याने वाचलं आणि त्याने लिहिलं. त्याच्या ओळखीचं, तसं वाजणारं नाव कुठलं? फिलिप." ती ताठ बसली. "एफ नको लावूस. पी-एच लाव."

डर्व्हलाने तिच्याकडे पाहिले. मग पी दाबले, एच दाबले.

एकच अर्ज आला.

पिवळट कागद होता. वरच्या भागात ओनोरा, वय सत्तर, बाप डॉमिनिक, आई ऊना, मुक्काम क्लूनावार. त्याखाली दुसऱ्या शाईत, तिरप्या बारीक अक्षरात उत्तर होते. *सापडले.* मग नावे एकाखाली एक. डॉमिनिक, छत्तीस. ऊना, चौतीस. डॉमिनिकची आई पेगी, सत्तर. ब्रायन, तेरा. मेरी, अकरा. टाईग, नऊ. ब्रिजिड, सहा. कॅथरीन, चार. ओनोरा, दोन.

आणि तळाशी अर्जदाराची सही यायची तिथे, जाड निबाने काढलेली एक फुली. एक रेघ दुसरीपेक्षा लांब होती, पेन कधी हातात न धरलेल्या माणसाची असावी तशी.

डर्व्हलाने डोळे पुसले. अट्रॅक्टाने पुसले नाहीत. तिने नावे खालून वर आणि पुन्हा वरून खाली वाचली.

"अक्षर चांगलं आहे त्याचं," शेवटी ती म्हणाली. "घाई केलेली नाही. दोन प्रती दे. एक बीझीआत्याला."

कॉर्मक मास्तरांनी तो कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात वाचला. त्यांना वेळ लागला. ओढ्याकडून वर चौथे घर, असे अट्रॅक्टाने सांगितले, तेव्हा ते उठले, कपाटातून क्लूनावारचा नकाशा आणला, ओढ्यावर बोट ठेवले आणि वर सरकवत नेले.

"एक, दोन, तीन," ते पुटपुटले. "इथे चौकोन आहे, पण नाव नाही. मला वाटायचं गोठा असेल." त्यांनी चष्मा काढला. "माझी चूक झाली, अट्रॅक्टा. पी-एच! मला सुचलं नसतं."

"तुम्ही टपाल वाटलं नाही ना, मास्तर."

"बरं तर." त्यांनी यादी ओढली आणि पेनाचे टोपण काढले. "विसावं नाव. डॉमिनिक फिहिली."

"नाही," अट्रॅक्टा म्हणाली. "नऊ लिहा."

"नऊ कसे लिहिणार? प्रत्येक घराचं एक नाव. एकोणीस घरांना एक नियम आणि तुम्हाला दुसरा, असं नाही करता येणार."

नियम एकदा मोडला की काय होते हे नोकरीत तिनेही पाहिले होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मग ओनोरा लिहा."

"ओनोरा दोन वर्षांची होती गणतीत."

"छप्पर ओढलं तेव्हा नऊ वर्षांची."

"घर डॉमिनिकचं होतं."

"छप्पर पडल्यावर घर कुणाचं राहिलं, मास्तर? डॉमिनिक गेला तो गेला. आई गेली. सगळे गेले. चौथं घर आमचं, हे सत्तर वर्षं कोण सांगत राहिलं? तिने सांगितलं नसतं, तर तुम्ही आजही त्याला गोठाच म्हटलं असतं."

मास्तरांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. "हे बघ, मी तुझ्या भल्याचं बोलतो. एकोणीस पुरुष आणि शेवटी एक बाई. लोक विचारतील ही कोण. मग जुन्या वह्या उघडतील. मार्टिनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत..."

"बापाच्या जागी रेघ आहे. पाहिलीय मी. वडिलांनी जन्मभर मान खाली घातली त्या रेघेसाठी, मीही घातली." तिने हात टेबलावर ठेवले. आवाज शांत होता. "पण त्या रेघेच्या वर एक नाव आहे. ते नाव छातीवर लावून मी चौतीस वर्षं या गावाच्या प्रत्येक दारात गेलेय. तुमच्याही. ते तिचं नाव आहे, मास्तर. डॉमिनिकचं आम्हाला पोचलंच नाही, आम्हाला तिच्याकडून मिळालं. उघडू देत वह्या."

मास्तरांनी यादीवर वाकून सावकाश, शाळेच्या फळ्यावर काढायचे तशा अक्षरात नाव लिहायला घेतले.

"एफ की पी-एच?" त्यांनी विचारले.

"आमचं आम्ही लिहितो तसं. एफ."

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी दगडाचा पडदा काढायचा ठरला. भुरभुर पाऊस होता. क्लूनावारच्या उतारावर साठ-सत्तर माणसे जमली. काही गावातली, काही टबरकरीची, एक कुटुंब मँचेस्टरहून आलेले. बीझीआत्याची चाकांची खुर्ची ओल्या गवतातून वर कशी आणायची हा प्रश्न होता. टॉम कॉलीने कुणाला न विचारता खुर्ची मागून धरली आणि घामाघूम होत वर ढकलत आणली.

"जोर लाव, कॉली," आत्या म्हणत होती. "आम्ही वाऱ्याने आलो, पण तू वारा दिसत नाहीस."

"मारा टोमणे, मारा," टॉम धापा टाकत म्हणाला. "तुमचा दिवस आहे आज."

पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. मग कॉर्मक मास्तर यादी घेऊन दगडाशी उभे राहिले. ठरले होते असे, की मास्तरांनी नाव घ्यायचे आणि त्या घरातले कुणी असेल तर त्याने 'आहे' म्हणायचे. शाळेतल्या हजेरीसारखे.

"पॅट्रिक स्कॅनलन."

कुणी बोलले नाही. पाऊस छत्र्यांवर वाजत राहिला.

"मायकल गिल्डी."

"आहे," टबरकरीचा एक म्हातारा म्हणाला.

"जॉन टॅन्सी."

कुणी नाही. "ओवेन किलकॉइन." मँचेस्टरची बाई 'आहे' म्हणाली. पुढे पुन्हा दोन नावे गप्प गेली. मास्तर प्रत्येक नावानंतर सारखेच थांबत होते, उत्तर येवो न येवो. एकोणीस नावांपैकी सहांना उत्तर मिळाले.

"ओनोरा फिहिली."

अट्रॅक्टाने पोस्टातल्या नोकरीचा गडद निळा कोट घातला होता. बटणे पुसून चकचकीत केली होती. ती एक पाऊल पुढे आली.

"आहे," ती म्हणाली.

मास्तर यादीची घडी घालू लागले. पण अट्रॅक्टा मागे सरली नाही.

"आणि डॉमिनिक," ती म्हणाली, "आणि ऊना. म्हातारी पेगी. ब्रायन. मेरी. टाईग. ब्रिजिड. कॅथरीन."

हातात कागद नव्हता. एकेका नावानंतर ती थांबत होती, दारात पत्र देऊन माणूस घेईपर्यंत थांबावे तशी. हे ठरलेले नव्हते. कॉर्मक मास्तरांनी तिला अडवले नाही. डोक्यावरची टोपी काढून ते पावसात उभे राहिले. खुर्चीत बीझीआत्या प्रत्येक नावाला ओठ हलवत होती.

शेवटचे नाव झाले, तरी कुणी हलले नाही. हॉलमध्ये चहा आणि मनुक्यांचा पाव मांडून ठेवला होता आणि सगळ्यांना थंडी वाजत होती, तरी कुणी उतरायला लागले नाही.

मग टबरकरीच्या गिल्डी म्हाताऱ्याने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"मास्तर," तो म्हणाला, "आमच्या मायकलची बायको होती. नाव कुणाला ठाऊक नाही. पण होती. एक तान्हं पोरही होतं, असं आजी म्हणायची."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले. मग अट्रॅक्टाकडे. मग त्यांनी घडी उलगडून कागद उलटा केला, दगडावर ठेवला आणि खिशातून पेन काढले.

"सांगा," ते म्हणाले. "सावकाश सांगा."

म्हातारा पुढे आला. त्याच्यामागे मँचेस्टरची बाई आली, तिच्यामागे आणखी दोघे. पाण्याचे थेंब कागदावर पडून शाई पसरू लागली, तेव्हा अट्रॅक्टाने आपली छत्री उघडली, मास्तरांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि ती त्या कागदावर धरली.